उघडं का नेसलेलं?

नोकरीच्या पहिल्याच दिवशी, भर स्टाफरूममध्ये, एका परक्या गृहस्थानं मला विचारलं, "उघडं का नेसलेलं?"

साल सत्तरच्या आसपासचं असेल. नागपुरातल्या आमच्या खासगी तंत्रनिकेतनात तेव्हा मी एकटीच बाई. ओळख करून देताना मी जरा तोऱ्यातच सांगितलं होतं, एम.एस्सी. गणित, फर्स्ट क्लास. बाकीचे माना डोलावत होते. कोपऱ्यात खाकी एप्रन घालून बसलेल्या या माणसानं मात्र चहाची बशी खाली ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि हा प्रश्न टाकला. कोणी हसलं नाही, कोणी दचकलंही नाही, त्यामुळे मला आणखीच संताप आला. मी तडक प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि घडलेलं सांगितलं. सांगताना माझे कान तापले होते.

प्राचार्य भले आणि भित्रे होते. त्यांनी कपाळ चोळलं. "बाई, तो प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात," ते म्हणाले. "मी रुजू झालो तेव्हा मलाही विचारला होता. अर्थ तुम्ही त्यांच्याकडूनच समजून घ्या, मला काही नीट सांगता यायचा नाही."

बाहेर आले तर ते खाकी एप्रनवाले सर व्हरांड्यातच उभे.

"रागावल्या का म्याडम?"

"तुम्ही काय विचारलंत ते कळतं का तुम्हाला?"

"मले कळते. तुम्हाले नाई कळलं, म्हणून तं उभा हाय. चला, दाखवतो."

ते मला इंजिनांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. लोखंडी चौकटीवर एक इंजिन बसवलेलं होतं. त्याच्यावर पितळेची पट्टी, पट्टीवर आकडा.

"हे पाहा. कंपनीनं लिवलं हाय, दहा घोडे. पण मोजले कसे? पंखा काढला, डायनामो काढला, हवेची जाळी काढली, सायलेन्सर काढला. असं नंगधडंग इंजिन मांडलं अन् मोजलं. त्याले मी उघडं माप म्हणतो. मंग हेच इंजिन गाडीत बसते, तवा त्याले हे सारं अंगावर घेऊन धावा लागते. तवा जे निघते ते नेसलेलं. दहाचे राहतात आठ. जाहिरात उघड्याची करतात, लोक घरी नेतात नेसलेलं."

"आणि माझ्या फर्स्ट क्लासचा त्याच्याशी काय संबंध?"

"होस्टेलात बसून आणला, का घरचं सारं करून?"

आई अंथरुणाला खिळलेली होती. सकाळी उठून पोळ्या, भावांचे डबे, आईचं सगळं, आणि मग कॉलेज. हे मी मुलाखतीत सांगितलं नव्हतं, सांगायची गोष्ट आहे असं मला वाटलंच नव्हतं. "घरचं करून," मी म्हटलं.

सरांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग नेसलेलं हाय," ते म्हणाले. "मोठं हाय म्याडम. असं लहान आवाजात काहून सांगता?"

त्यानंतर मी त्यांच्यावर पुन्हा कधी रागावले नाही असं नाही. पुष्कळदा रागावले. पण त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात एकटीच हसत होते, एवढं आठवतं.

सर इंजिनं शिकवायचे. त्यांच्या खांद्याला एक कॅनव्हासची पिशवी असे आणि पिशवीत जाड सुती दोर आणि स्प्रिंगचा काटा. इंजिनाच्या फिरत्या चाकाला दोर गुंडाळायचा, एका टोकाला वजन टांगायचं, दुसऱ्या टोकाला काटा लावायचा, आणि चाक दोराला किती जोरानं ओढतं ते वाचायचं. घोडे मोजायची ही जुनी, सोपी पद्धत. दोर तापतो म्हणून एक मुलगा मगानं पाणी ओतत राहायचा आणि सगळ्यांच्या विजारी भिजायच्या. सरांनी गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची मोटर अशी मोजली होती, रसवंतीचं इंजिन मोजलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरवाल्यांच्या दुकानापुढून सरांना न्यायची सोय नव्हती. दुकानदार "खोली बर्फ करते साहेब" म्हणाला की हे विचारणार, "वाळ्याची खस कोरडी असतानी का ओली? खोली उघडी का माणसं बसलेली?" दुकानदार आमच्याकडे असहायपणे बघत राहायचा.

माणसंही सुटत नसत. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते जिन्यानं पळत वर जायला लावत आणि वजन, उंची, वेळ यांवरून प्रत्येकाचे घोडे काढून देत. निम्मा घोडा निघाला तरी पोरं खूश. एकदा पोरांनी प्राचार्यांनाही गळ घातली. ते नाही म्हणाले, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "राहू द्या गा. फायली अंगावर घेऊन चढतात ते, त्यायचं माप नेसलेलं निघन."

वर्गात ते आपल्या बोलीतच शिकवत. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी याबद्दल नापसंती दाखवली, की शिक्षकाची भाषा प्रमाण असावी. सर म्हणाले, "साहेब, इंजिनाले पुणेरी समजत नाई." साहेबांनी शेरा काय मारला ते कळलं नाही, पण जाताना ते जिन्यात थांबून हसत होते, हे मी पाहिलं.

त्यांचं घर जरीपटका वस्तीजवळ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या मिसेसनी, त्या शाळेत शिक्षिका होत्या, चहाबरोबर लग्नाची गोष्ट सांगितली. "पाहाले आले तवा यायनं मले विचारलं, सैपाक कसा करता? मी म्हटलं, चांगला. तं म्हणतात, पाहुणे असतानी का रोज? माह्या बापाले लय राग आला. मले मात्र वाटलं, हा माणूस रोजचं विचारून राहिला, म्हणजे रोज जेवणार हाय."

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्या खाली सरांच्या वडिलांचा फोटो. वडील कापडगिरणीत होते. छप्पन्न साली या घरानं धम्म घेतला, तेव्हा सर शिकत होते. वडिलांचा विषय निघाला की सर नेहमीपेक्षा कमी बोलत. एकदाच बोलले. "बाबाले सारं काम येत होतं. लूम खोलून परत बसवे. पण कोणी विचारलं, येते का गा तुले, तं म्हणे, थोडंथोडं. मलेबी तेच सांगे. वर्गात हात वर करू नको, आलेलं सांगू नको, लोकायच्या डोळ्यात येशील. तो भेवून सांगे म्याडम. त्याच्या भेवाले कारण होतं, म्हणून त्याच्यावर राग नाई माह्या मनात. पण मी काहून कमी सांगू?"

फुगवलेल्या आकड्यांवरचा त्यांचा राग सगळ्यांना दिसायचा. दाबलेल्या आकड्यावरचा राग त्या घरातला होता, आणि तो किती जुना आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पंपाची भानगड त्यानंतरची. शेतीच्या अवजारांचं प्रदर्शन भरलं होतं. एका मंडपात पाच घोड्यांचा म्हणून डिझेल पंप लावला होता. सर पोरांना घेऊन गेले होते. सवयीप्रमाणे पिशवीतून दोर निघाला. विक्रेता "साहेब, हे काय, साहेब" करत राहिला आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी त्यालाच गप्प केलं. पंपानं चारही घोडे दिले नाहीत. सरांनी खडू काढून पट्टीच्या खाली खरा आकडा लिहिला आणि विक्रेत्याला म्हणाले, "तुह्या कंपनीनं उघडा मोजला असन. शेतात तं हा नेसूनच उभा राहीन ना?" मंडपात मोठा हशा झाला.

पंपाची एजन्सी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याची निघाली.

आमच्या यंत्र विभागाचे प्रमुख त्याआधीच निवृत्त झाले होते आणि त्यांची खुर्ची सर सांभाळत होते. वेळापत्रक सरांचं, परीक्षा सरांच्या, यंत्रं बिघडली तर सर, पोरं बिघडली तरी सर. पण नेमणूक झाली नव्हती. दारावरच्या काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत सरांचं नाव होतं आणि खाली दोन शब्द: प्रभारी विभागप्रमुख. सरांना आयुष्यात फार काही नको होतं. घर होतं, सायकल होती. त्यांना त्या पाटीवरचा पहिला शब्द जायला हवा होता. दर वर्षी उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी ते पांढरा शर्ट घालून अध्यक्षांना भेटायला जात आणि तोंडावर सांगत की मला नेमा. दर वर्षी अध्यक्ष म्हणत, बघू. पंपानंतर कार्यालयात म्हणू लागले की पंपामुळे नेमणूक अडली. पंपाच्या आधीची वर्षं ती कशामुळे अडली होती, ते कोणी म्हणत नसे.

मी एकदा म्हटलं, "सर, तुम्ही सगळं काम करताच. एका शब्दानं काय फरक पडतो?"

"म्याडम," ते म्हणाले, "मंग तो शब्द काढाले त्यायचं काय जाते?"

 

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जपानी बनावटीच्या मोटारसायकली गावात येऊन जुन्या झाल्या होत्या आणि पोरं आता कॅटलॉगातल्या जपानी गाड्यांची चित्रं वहीत चिकटवत होती. त्या हिवाळ्यात सरांचा एक जुना विद्यार्थी, सुधीर, जपानातली नोकरी संपवून परत आला आणि येताना अशी एक गाडी घेऊन आला. बुटकी, रुंद, लाल. ती आमच्या फाटकातून आत आली तेव्हा एकही वर्ग वर्गात राहिला नाही.

सुधीर सरांच्या पाया पडला. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नजर गाडीच्या नाकावर. "किती घोडे?"

"कागदावर दोनशे ऐंशी, सर."

"उघडं का नेसलेलं?"

"नेसलेलं, सर. आता तिकडं तसंच मोजतात. अन् सर, गंमत सांगू का? हे छापल्यापेक्षा जास्त देते."

सर वाकले होते ते सरळ झाले. "जास्त?"

"हो सर. तिथल्या कंपन्यायनं आपसात ठरवलं हाय. दोनशे ऐंशीच्या वर कोणी छापायचं नाई. इंजिन त्याच्या वर गेलं तरी पट्टीवर दोनशे ऐंशीच."

"काहून?"

"जास्त छापलं तं पोरं जास्त पळवतीन, मरतीन, सरकार डोळे वटारन. म्हणून."

सरांनी बोनेटवर हात ठेवला. "मी नाई मानत," ते म्हणाले. "आजपर्यंत एकबी इंजिन पट्टीच्या वर गेलं नाई माह्या हातात. मोजू."

आमचा दोर एवढ्या घोड्यांना पुरण्यासारखा नव्हता, धुरळा झाला असता त्याचा. सरांनी दुसरी रीत काढली. गाडीचं वजन माहीत असलं, आणि तिचा वेग किती वेळात किती वाढतो ते टिपलं, की घोडे निघतात. मग इंजिन सोडून गाडी नुसती घरंगळू द्यायची, म्हणजे वारा आणि रस्ता किती खातात तेही समजतं. हिशेबाला मी हवी होते.

रविवारी सकाळी आम्ही तिघं आधी कळमन्याच्या बाजारात गेलो, ट्रक तोलायच्या धरमकाट्यावर. संत्र्यांच्या ट्रकांची रांग लागली होती. ट्रकवाल्यांनी कौतुकानं आम्हाला पुढे जाऊ दिलं. लाल गाडी काट्यावर उभी राहिली. मी उतरायला लागले तशी सर ओरडले, "म्याडम, उतरू नका! तुम्ही हिशोबात हा!" त्यामुळे माझ्या वजनासकट सगळं वजन काटेवाल्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. मला तोंड कुठं लपवावं कळेना.

काटेवाला खिडकीतून डोकावला. "साहेब, माल काय भरला हाय यात?"

"घोडे," सर म्हणाले.

"किती?"

"तेच पाहाले चाललो."

अमरावतीच्या रस्त्याला, वस्ती संपल्यावर, एक लांब सरळ पट्टा होता आणि सकाळचा तो रिकामा असे. सर पुढे बसून वेगाचा काटा मोठ्यानं वाचत, मी मागे स्टॉपवॉच दाबत टिपून घेत होते. सुधीरनं पाय दाबला तेव्हा माझी पाठ सीटला चिकटली आणि तोंडातून देवाचं नाव निघालं. सर न अडखळता आकडे वाचत होते. जाताना, येताना, पुन्हा जाताना. मग एका बाभळीखाली गाडी थांबवून मी मांडीवर कागद घेऊन बसले. दोनदा करून पाहिलं. तीनशेच्या चांगलं वर जात होतं.

"सर, हा बरोबर सांगतोय."

त्यांनी कागद हातात घेतला. मला वाटलं होतं, खूश होतील. साऱ्या आयुष्यात त्यांना एक इंजिन भेटलं होतं की जे बोलण्यापेक्षा जास्त करत होतं. पण त्यांचा चेहरा असा झाला, जसा वडिलांविषयी बोलताना झाला होता.

"तेही आपल्या इथल्या हलक्या पेट्रोलवर," सुधीर म्हणाला. "मानलं पाहिजे सर जपानी लोकायले. एवढं असून कमी सांगतात."

"यात मानाचं काय हाय गा?" सर म्हणाले. "कमी सांगनं हे बी खोटंच. पाचच्या पंपाले मी खडू लावला. याले काहून सोडू?" आणि खरंच, त्यांनी खिशातून खडू काढला आणि त्या चकचकीत लाल बोनेटवर खरा आकडा लिहिला. सुधीरचा जीव खालीवर झाला, पण तो काही बोलला नाही. शहरात शिरेपर्यंत आम्ही तसेच आलो.

पुढच्या आठवड्यात संस्थेनं सुधीरचा सत्कार ठेवला. सभागृह भरलेलं. गाडीची परीक्षा कशी झाली ही बातमी सगळीकडे पोचली होती आणि अध्यक्षांनी भाषणात तीच घेतली. गोड बोलत ते. "जपानी माणसाची नम्रता बघा," ते म्हणाले. "अंगात तीनशे घोडे, आणि सांगतो दोनशे ऐंशी. मोठेपणा म्हणतात तो हा. आणि असा मोठेपणा बघायला जपानला कशाला जायला हवं? आपले हे सर बघा. इतकी वर्षं विभाग सांभाळला. पदाचा मोह नाही, पाटीचा मोह नाही. प्रभारी म्हणून आले, प्रभारी म्हणून सुखी आहेत. त्यांच्याच आशीर्वादानं येत्या सत्रापासून आपण नवे, तरुण विभागप्रमुख नेमतो आहोत."

टाळ्या सुरू झाल्या. मी सरांकडे बघत होते. ते पहिल्या रांगेत होते. उठले तेव्हा आधी कोणाला वाटलं, आशीर्वाद द्यायलाच उठले. टाळ्या वाढल्या. सर हात वर करून उभे राहिले, टाळ्या थांबेपर्यंत.

"अध्यक्षसाहेब, चूक होऊन राहिली," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, वर्गातला होता. "त्या गाडीत नम्रता नाई. मी मोजली हाय ते. इंजिनानं नाई सांगतलं कोणाले, का मले कमी लिवा म्हणून. इंजिन तं सारंच देऊन राहिलं. पट्टी लिवणाऱ्यानं कमी लिवलं. चार कंपन्यायनं बसून ठरवलं, याच्या वर कोणाले जाऊ द्याचं नाई. याले नम्रता नाई म्हणत. अन् माह्या दारावरची पाटी मी नाई लिवली. तुम्ही लिवली. मी नम्र नाई. मले नम्र म्हणू नका."

 प्राचार्य टेबलावरच्या हाराकडे बघत होते.

अध्यक्ष हसले. "म्हणजे तुमचं माप तुम्हीच ठरवणार?"

"मी काहून ठरवू? मोजा. दोर तुमचा, काटा तुमचा. हा मी उभा हाय."

अध्यक्षांनी मोजलं नाही. ते पाणी प्यायले आणि कार्यक्रम पुढे चालू झाला. सर बसले नाहीत. मधल्या वाटेनं चालत बाहेर गेले. त्यांच्या मागे शेवटच्या वर्षाची पोरं उठली, आणि मीही उठले. मला त्या माणसाचा अभिमान वाटत होता.

आम्ही विभागाच्या दाराशी पोचलो तेव्हा सर स्टुलावर उभे होते. हातात इंजिनांना लावायच्या काळ्या रंगाचा डबा. कितीही तापलं तरी न उडणारा तो रंग. पाटी काळीच होती. त्यांनी ब्रश बुडवला आणि "प्रभारी" या शब्दावरून शांतपणे फिरवला. एकदा, मग वाळू देऊन दुसऱ्यांदा. खाली उतरून मागे सरले, चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. नाव आणि विभागप्रमुख. बास.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा हुकूम आला: रंग खरवडून पाटी पूर्ववत करा, नाहीतर सरांना निलंबित करू. शिपाई वामन पत्र्याचा तुकडा घेऊन आला आणि स्टुलावर चढून अवघडून उभा राहिला. सर दारातच होते.

"घास गा वामन. तुही नोकरी हाय, मी काही म्हणत नाई. पण पाहून घास. वरचं काळं निघन तं त्याच्यासंग खालचं पांढरंबी निघन. मंग प्रभारी वाचाले कोणाले भेटन?"

वामननं एका कोपऱ्यात घासून पाहिलं. तसंच झालं. रंग निघाला आणि त्याच्याबरोबर 'प्र'चा पायही निघाला. तो स्टुलावरून उतरला आणि प्राचार्यांकडे जाऊन म्हणाला, "साहेब, घासलं तरी विभागप्रमुखच राहते, नाई घासलं तरी विभागप्रमुखच राहते. मी काय करू?"

त्या संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. निलंबनाचं काय करायचं, कोणाला भेटायचं, हे बोलायला. त्यांच्या मिसेस वह्या तपासत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "करू द्या निलंबित. माही नोकरी हाय. इतक्या वर्षांत यायनं एक गोष्ट मागतली, तीबी मिळाली नाई, तं स्वतः रंगवून घेतली. मी तं पेढे वाटणार हाय." आणि वाटले.

निलंबन झालं नाही. ते का झालं नाही हे मला ठाऊक आहे, आणि त्या भित्र्या माणसाचं हे ऋण इथं सांगितलं पाहिजे. अध्यक्ष पाटीविषयी विचारत तेव्हा प्राचार्य सांगत, "नवी करायला दिली आहे, साहेब." पुढच्या महिन्यात विचारलं तरी, "पाटीवाल्याकडेच आहे, साहेब." पुढच्या वर्षीही तेच. नवे विभागप्रमुख आले, त्यांना पलीकडची खोली आणि त्यांची वेगळी पाटी मिळाली. मुलगा वाईट नव्हता, सरांना विचारल्याशिवाय पान हलवत नसे. सर निवृत्त होईपर्यंत आमच्या एका विभागाला दोन प्रमुख होते आणि पाटीवाल्याकडची ती पाटी कधी आली नाही.

निरोपाच्या समारंभात सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण प्राध्यापकानं, बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, सुरुवातच अशी केली: "सरांनी आयुष्यात कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही."

"मागतलं!" हार घालून बसलेले सर खुर्चीतूनच म्हणाले. "दर वर्षी मागतलं. पांढरा शर्ट घालून मागतलं. यायनं देलं नाई. तसं सांगा बाबू. नेसलेलं सांगा."

पोरांनी बाकं बडवली. अध्यक्ष त्या दिवशी आले नव्हते.

त्यानंतरच्या सत्रात आमच्या गणित विभागाचे प्रमुख निवृत्त झाले आणि खुर्ची माझ्याकडे आली. एका सकाळी येऊन बघते तो माझ्या दारावर पाटी. काळी, पांढऱ्या अक्षरांची. माझं नाव, आणि खाली दोन शब्द. पहिला तोच.

मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. तशीच प्रयोगशाळेत गेले. वामन खिडक्या उघडत होता.

"वामन, सरांचा तो काळ्या रंगाचा डबा आहे का रे अजून?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं, आणि कपाटाशी गेला.

"हाय ना म्याडम," तो म्हणाला. "जातानी सर सांगून गेले होते, लागन म्हणून. ब्रशबी रॉकेलात बुडवून ठेवला हाय."